टेकडीवरचा वणवा आणि ३१ मार्च: सरकारी पैसा वेळेत कसा मागायचा

पुण्याच्या टेकड्यांवर वणवे लागतात ते साधारण फेब्रुवारी ते मे या काळात, आणि सरकारी वर्ष सुरू होतं १ एप्रिलला. घोडं पेंड खातं ते इथेच. मार्चमध्ये टेकडी जळाली की आपण तावातावाने निवेदन घेऊन जातो आणि साहेब शांतपणे सांगतात, "या वर्षी तरतूद नाही." ते खोटं बोलत नसतात. आग अडवायला वाळलेल्या गवतात मोकळा पट्टा काढायचा असतो डिसेंबरमध्ये. त्यासाठी पैसा एप्रिलच्या अंदाजपत्रकात आलेला हवा आणि त्यासाठी मागणी त्याच्या आधीच्या ऑगस्ट-सप्टेंबरात गेलेली हवी. म्हणजे ज्या उन्हाळ्यात टेकडी वाचवायची, त्याच्या दीड वर्ष आधी अर्ज.

मी निवृत्तीपर्यंत एका सरकारी खात्यात लेखा शाखेत होते. आमच्या टेकडीवर रोज फिरायला येणाऱ्या मंडळींत वनस्पती ओळखणारे आहेत, पक्षी ओळखणारे आहेत. लेखाशीर्ष, म्हणजे सरकारी पैसा ज्या नावाखाली खर्च पडतो ते, ओळखणारी मी एकटीच निघाले. म्हणून हे लिहिते आहे.

पहिलं काम म्हणजे जमीन कोणाची ते शोधणं. बाकी सगळं त्यावर अवलंबून. टेकडी आपल्याला एक दिसते, कागदावर ती चार मालकांची असते. तळजाईचंच बघा: पाचगाव-पर्वतीचं वन वनखात्याचं, तर शेजारी महापालिकेचं मैदान. शिवाय समाविष्ट गावांच्या टेकड्यांवर जैववैविध्य उद्यानाचं, म्हणजे बीडीपीचं, ९७८ हेक्टरचं आरक्षण आहे, आणि त्यातली बरीच जमीन अजून खासगी सातबाऱ्यावर आहे. महापालिकेचा पैसा वनखात्याच्या जमिनीवर सहजासहजी खर्च होत नाही आणि वनखात्याचा महापालिकेच्या जमिनीवर तर नाहीच. चुकीच्या दारात ठेवलेला अर्ज कोणी फेटाळत नाही, तो 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' फिरत राहतो. तोवर हंगाम संपतो. तेव्हा विकास आराखड्याच्या नकाशावरून सर्व्हे नंबर काढा, सातबारा किंवा मिळकत पत्रिका ऑनलाइन बघा, भोगवटादाराचं नाव टिपून घ्या. हद्दीबद्दल शंका असेल तर वनरक्षकाला विचारा. त्याला प्रत्येक हद्दखांब पाठ असतो.

खासगी तुकड्यावर गवत कापायला सरकारी पैसा मिळेल या आशेवर राहू नका. पण त्याच्या कडेने जाणारा रस्ता बहुतेक वेळा महापालिकेचा असतो, आणि आग बहुतेक तिथूनच आत शिरते.

दुसरं काम पुराव्याचं. आपल्याकडचे वणवे जवळजवळ सगळे माणसाने लावलेले असतात. विडी-सिगारेटचं थोटूक, पायथ्याशी पेटवलेला कचरा, रात्रीच्या पार्ट्या, आणि 'जाळलं की गवत जोमाने येतं' हा जुना समज. त्यामुळे आग कुठेही लागत नाही, ठरावीक जागी लागते. हंगामात जळालेल्या कडेने मोबाइलवर चालीचा मार्ग नोंदवत एक फेरी मारा, तारखेसह फोटो काढा. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहाने टिपलेल्या आगींच्या सूचना फुकट पाठवते, नाव नोंदवलं की झालं. मात्र त्यावर विसंबू नका. व्हीआयआयआरएस या संवेदकाचा एक ठिपका ३७५ मीटरचा आणि तो उपग्रह आपल्या डोक्यावरून जातो दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या सुमाराला. संध्याकाळी पाचला लागलेली आणि तासाभरात गवत चाटून विझलेली आग त्याला बहुधा दिसतच नाही. अग्निशमन दलाकडे गेलेल्या वर्द्यांची, म्हणजे आग लागल्याच्या फोनची, नोंद मात्र असते. ती माहिती अधिकारात मागा: दहा रुपये फी आणि तीस दिवसांची मुदत. तीन वर्षांच्या तारखा आणि ठिकाणं एका कागदावर आली की त्या कागदाला वजन येतं.

आता मागायचं काय? इथे बहुतेकांची गाडी वृक्षारोपणाकडे वळते. नको. गवताळ टेकडीवर खड्डे घेऊन रोपं लावली आणि भोवतीचं गवत तसंच राहिलं तर ती रोपं पहिल्या वणव्यात जातात. पेव्हर ब्लॉक, बाकडी, कमानी यांना पैसा आपोआप मिळतो, त्यासाठी तुमची गरज नाही. मागायची ती जाळरेषा: आग ओलांडू शकणार नाही असा, गवत काढलेला मोकळा पट्टा. वनखातं आपल्या हद्दीत असे पट्टे कापून, नियंत्रित पद्धतीने जाळूनही काढतं. ते त्यांनीच करायचं. राखीव वनात आग लावणं हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २६ खाली गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असला तरी. महापालिकेच्या हद्दीत फक्त कापणी मागा.

संपूर्ण टेकडी भादरून टाका असंही म्हणू नका. त्या गवतात टिटवी, चंडोल, तित्तर जमिनीवरच अंडी घालतात. पट्टा हवा, तोही आहे त्या पायवाटेला धरून, कारण वाट आधीच उघडी असते आणि खर्च कमी होतो.

अर्जातलं कामाचं वर्णन असं लिहा:

"सर्व्हे क्र. ___ मधील पायवाटेच्या दोन्ही बाजूंस प्रत्येकी ३ मीटर रुंद व २ किमी लांब पट्ट्यातील वाळलेले गवत व घाणेरी मुळालगत कापणे. कापलेले गवत गोळा करून टेकडीखाली वाहून नेणे. हे काम १५ डिसेंबरपूर्वी पूर्ण करणे. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात त्याच पट्ट्यातील पालापाचोळा काढणे. एकूण क्षेत्र १२,००० चौ. मी."

यातला प्रत्येक शब्द कामाचा आहे. 'वाहून नेणे' लिहिलं नाही तर ठेकेदार कापून तिथेच टाकतो, आणि उभ्या गवतापेक्षा ते आडवं पडलेलं वाळकं गवत जास्त धोक्याचं. फेब्रुवारीची दुसरी फेरी गिरिपुष्प या झाडासाठी. आपल्या टेकड्यांवर ते भरमसाट लावलंय, आणि थंडी सरता सरता त्याची पानं गळून पट्ट्यावर पुन्हा थर बसतो. तारीख नसेल तर काय होतं ते मी पाहिलंय: गवत जळून गेल्यावर मार्चअखेरीला कापणीचं बिल निघालं. राखेवरून गवत कापलेलं होतं की नव्हतं, हे कोण सांगणार? चौरस मीटर लिहिल्याने एस्टिमेट करणाऱ्या कनिष्ठ अभियंत्याचं काम सोपं होतं. दर तो त्याच्या दरसूचीतून लावेल, तुम्ही रकमेच्या भानगडीत पडू नका.

दारं कोणती? महापालिकेची जमीन असेल तर सर्वांत सरळ दार म्हणजे नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक. पुण्यात ते २००६ पासून आहे. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात किंवा ऑनलाइन. मुदत आणि रकमेची मर्यादा त्या वर्षीच्या जाहिरातीत बघा. अर्जाची पोच घ्या, शिक्क्यासह. एक प्रत उद्यान विभागाला द्या, कारण क्षेत्रीय कार्यालय शेवटी त्यांनाच विचारणार. दुसरं दार नगरसेवकाच्या 'स' यादीचं, म्हणजे त्याने आपल्या प्रभागासाठी सुचवलेल्या कामांच्या यादीचं. तिथे पट्टा कापणं कोणाच्या डोळ्यात भरत नाही, फलक लावण्यासारखं त्यात काही नसतं. म्हणून जाताना जळालेल्या टेकडीचा आणि तिच्या पायथ्याशी असलेल्या सोसायट्यांचा एकत्र दिसणारा फोटो न्या. मतदार त्या सोसायट्यांत राहतात. आमदार-खासदार निधीतून दरवर्षीची कापणी बसवायचा प्रयत्न करू नका. तो निधी टिकाऊ कामांसाठी असतो, त्यातून वर पाण्याची टाकी मागता येईल.

जमीन वनखात्याची असेल तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला भेटा आणि लेखी प्रत उपवनसंरक्षकांना द्या. त्यांच्याकडे पैशाच्या तीन वाटा असतात. केंद्राची वणवा प्रतिबंध आणि व्यवस्थापन योजना, ज्यात महाराष्ट्रासारख्या राज्यांसाठी केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० टक्के. दुसरी कॅम्पा, म्हणजे वनजमीन वळवल्याबद्दल जमा झालेला निधी. त्याच्या २०१८ च्या नियमांत वणवा नियंत्रणाचं काम स्पष्ट बसतं. तिसरी जिल्हा वार्षिक योजना, जी पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा नियोजन समिती मंजूर करते. या वाटांवर नागरिकाला थेट अर्ज करता येत नाही. प्रस्ताव खात्याचाच जातो. तुमचं काम इतकंच, की तो तयार होत असताना तुमच्या टेकडीच्या आगींचा तो कागद त्यांच्या टेबलावर असावा. वनखात्याची माणसं वाईट नसतात, कमी असतात. हंगामी अग्निरक्षक आणि गवत उडवणारे ब्लोअर मागायचे असतील तर तुमचं पत्र त्यांनाही हवंच असतं.

गावाकडच्या वाचकांसाठी एवढंच: संयुक्त वन व्यवस्थापन समिती असेल तर तिच्या बैठकीत, नसेल तर ग्रामसभेत ठराव घ्या, इतिवृत्तात नोंद करून घ्या.

अंदाजपत्रक मंजूर झालं की पुस्तक उघडून आपलं काम शोधा. नाव बदललेलं असू शकतं, 'टेकडी सुशोभीकरण' या मथळ्याखाली ते गेलं असेल तर लगेच पत्र द्या, नाहीतर त्यातून बाकडी येतील. सप्टेंबरात निविदा निघाली का ते विचारा. ऑक्टोबर उलटूनही कार्यादेश नसेल तर डिसेंबर गाठणं अवघड. काम सुरू झालं की टेप घेऊन जा. ३ मीटर म्हणजे ३ मीटर, वाट सोडून. ठेकेदाराचं बिल जिच्यावरून निघतं त्या मोजमाप पुस्तिकेत नोंद होण्याआधी तारखेचे फोटो कनिष्ठ अभियंत्याला पाठवा, नंतर तक्रार करून उपयोग नसतो.

आणि आग दिसली तर आधी १०१, वनहद्दीत असेल तर वनखात्याची १९२६. कोणत्या वाटेने गाडी वर येते ते फोनवरच सांगा. पत्ता सांगता येत नाही अशी जागा असते ती, म्हणून फाटकांची नावं आणि जवळची खूण आत्ताच लिहून ठेवा. त्याच कागदावर आगीची वेळही टिपा, पुढच्या ऑगस्टच्या अर्जाला ती लागेल.