जलपर्णीच्या टोपल्या विणताय? या चुका टाळा

कल्याणजवळ मोहन्याला उल्हास नदीवर जलपर्णी दाटली की पाणी शोधावं लागतं. ती काढून टोपल्या, चटया, कागद करायची कल्पना चांगलीच आहे. गोची होते ती वेळापत्रकात.

विणकामाला लांब, सरळ देठ लागतात, आणि ते दाटीतच मिळतात. सुटं वाढलेलं रोप हातात घेऊन बघा: देठ आखूड, मध्येच फुगलेला, दाबला तर स्पंजासारखा. त्याची वेणी होत नाही. मग 'अजून थोडी वाढू दे' सुरू होतं. ही सगळ्यात महागात पडणारी चूक. पोषक पाण्यात जलपर्णी दोनेक आठवड्यांत दुप्पट होते. जांभळी फुलं ओसरली की दांडा पाण्याकडे वाकतो, बी गाळात जातं आणि तिथे वर्षानुवर्षं तग धरतं. म्हणून पाऊस संपताच, ऑक्टोबरात, सुटी रोपं काढायला घ्या. विणायला आधीच दाटलेला पट्टा वापरा, मुद्दाम नवा पोसू नका. आखूड देठ रद्दीच्या लगद्यात मिसळले तर हातकागदाला चालतात.

गणपतीच्या मखराची ऑर्डर जुलैत घेऊन मग देठ काढायला धावू नका. त्यात ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं. आपल्या दमट पावसाळ्यात ते सुकण्याआधी बुरशी धरतात. लागेल तेवढा माल मेअखेरपर्यंत वाळवून ठेवा. आणि हो, टेम्पोभर ओल्या मालाचा वाळल्यावर फार थोडा उरतो, हिशेब आधीच करा.

देठ आतून पोखरलेले आणि पानांवर तपकिरी ओरखडे दिसले, तर औषध फवारू नका. ते बहुधा निओचेटिना भुंगे असतील. जलपर्णीला आवर घालायला ते १९८३ पासून भारतात मुद्दाम सोडले गेले. विणकामाला तो पट्टा गेला, पण भुंग्यांना त्यांचं काम करू द्या.

काढलेला ढीग काठावर ठेवला तर पहिल्या मोठ्या पावसात तो परत पाण्यात. ओली गोणी एका तलावावरून दुसऱ्यावर, म्हणजे ठाण्यात उपवनहून मासुंद्यावर, नेणं तर टाळाच, तिथे जलपर्णी पसरायला खोडाचा एखादा तुकडाही पुरतो. कारखान्यांच्या सांडपाण्यातली जलपर्णी जड धातू शोषते, तिचं खत भाजीला नको. पाणकणीस, कमळ आपलीच, ती उपटू नका.

जलपर्णीला पोसणारं सांडपाणी येतच राहिलं आणि आपण नुसत्या टोपल्या विणत बसलो, तर ते आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. इथे चित्रकार कामाला येतात, पण भिंती रंगवायला नव्हे. दर रविवारी त्याच खांबाशी उभं राहून हिरव्या पट्ट्याची कड रेखाटा, खाली तारीख टाका. दर वेळी वेगळ्या कोनातून काढलेल्या फोटोंची तुलना करता येत नाही. महिना-दोन महिन्यांत पट्टा कोणत्या नाल्याच्या तोंडाशी आधी दाटतो ते दिसू लागेल. तीच चित्रं जोडून प्रभाग समितीत अर्ज द्या, आणि पोच घ्यायला विसरू नका.