व्यवसाय मार्गदर्शनाचा चार्ज मिळालाय? आधी जनरल रजिस्टर उघडा

जूनच्या पहिल्या स्टाफ मीटिंगला कामवाटप होतं. सहल, वृक्षारोपण, पोषण आहार, हस्तलिखित, आणि यादीच्या तळाशी एक ओळ: व्यवसाय मार्गदर्शन. ते ज्याच्या नावापुढे पडतं त्याच्याकडे बाकीचे जरा हेव्याने बघतात, कारण त्यात करायचं काही नसतं असा सगळ्यांचा समज. 2016 च्या जूनमध्ये ते माझ्याकडे आलं. मी हिंदी शिकवते, तास कमी, म्हणून माझं नाव. यंदा हा चार्ज नवीन सरांकडे जातोय. त्यांनी परवा विचारलं, "मॅडम, याची फाईल असेल ना?" फाईल आहे, पण तिच्यात पाहुण्यांना शाल-श्रीफळ देतानाचे फोटो आहेत. म्हणून हे लिहायला बसले.

आमची शाळा सिन्नर तालुक्यातली, अनुदानित. दहावीच्या दोन तुकड्या, पट नव्वदच्या आसपास. घरोघर कांदा-टोमॅटो, काही घरांत आया विड्या वळतात, काही वडील मुसळगावच्या किंवा माळेगावच्या कारखान्यांत कामाला.

पहिल्या वर्षी मी सगळे करतात तेच केलं. फौजदार झालेल्या माजी विद्यार्थ्याला बोलावलं. तो बोललाही छान. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं तर निम्म्या मुलांना फौजदार व्हायचं होतं. पुढच्या महिन्यात बँकेतले साहेब आले, तेव्हा तीच मुलं बँकेत निघाली. भाषणं वाईट नसतात, पण त्यातून मुलाच्या हातात काहीच येत नाही. जुलैत प्रवेश घेताना त्याच्या हातात काय लागतं, तर कागद. आणि मार्कांच्या आधी मुलं अडकतात ती कागदांतच.

म्हणून सर, तुमचं पहिलं काम ऑफिसात. भाऊसाहेबांकडून, म्हणजे आपल्या क्लार्ककडून, जनरल रजिस्टर (प्रत्येक मुलाच्या नाव-जन्मतारखेच्या नोंदींचं शाळेचं मुख्य रजिस्टर) मागून घ्या आणि दहावीतलं एकेक नाव आधार कार्डाशी ताडून बघा. आमच्याकडे आव्हाड आडनावाची एक मुलगी होती. शाळेच्या इंग्रजी नोंदीत आडनावात 'व्ही', आधारवर 'डब्ल्यू', आणि वडिलांच्या जातीच्या दाखल्यावर तिसराच प्रकार. मराठीत तिन्हीकडे आव्हाडच, त्यामुळे दहा वर्षांत कोणाच्या लक्षात आलं नाही. डिप्लोमाची कागदपत्रं तपासताना खिडकीतल्या माणसाने कागद परत सरकवले. मुलगी शाळेत असताना ही दुरुस्ती शिक्षणाधिकाऱ्यांच्या मान्यतेने होते. एकदा शाळा सोडल्याचा दाखला हातात पडला की तीच दुरुस्ती म्हणजे वडिलांचे सहा हेलपाटे. बोर्डाचा फॉर्म भरल्यावर शाळेकडे प्री-लिस्ट, म्हणजे भरलेली माहिती तपासायची यादी, येते. ती वर्गात नुसती फिरवून सह्या घेऊ नका. मुलं स्वतःचं नाव न वाचता सही करतात, मी पाहिलंय. एकेकाला जवळ बसवून मोठ्याने स्पेलिंग वाचायला लावा. नव्वद मुलांना दोन दिवस जातात, जाऊ देत.

दाखल्यांत मी स्वतः एक घोळ घातलाय, तो सांगते. एका डिसेंबरात उत्साहाने सगळ्या पालकांना निरोप धाडला: उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा, जूनमध्ये सेतूवर गर्दी होते. बिचाऱ्यांनी काढला. जूनमध्ये उघडून बघितलं तर मुदत 31 मार्चला संपलेली. हा दाखला आर्थिक वर्षाशी बांधलेला असतो हे मला माहीत नव्हतं. नॉन-क्रिमीलेयरची मुदतही 31 मार्चलाच संपते. सगळ्यांना पुन्हा तहसीलची वारी. एक वडील शाळेत येऊन शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुमच्या एका मेसेजपायी माझी दोन दिवसांची हजेरी बुडाली." काय बोलणार? तेव्हापासून दोन गठ्ठे केलेत. जातीचा दाखला आणि रहिवासी दाखला दिवाळीनंतर निवांत काढायचा. उत्पन्न आणि नॉन-क्रिमीलेयर 1 एप्रिलनंतर, बोर्डाची परीक्षा संपली की लगेच. आई विडी कामगार असेल तर तिचं ओळखपत्र बघून ठेवा. विडी कामगारांच्या मुलांना केंद्राची वेगळी शिष्यवृत्ती आहे, आणि ज्या घरात विड्या वळल्या जातात तिथेच ती माहीत नसते.

आता निरोपाबद्दल. हा भाग मला सगळ्यात उशिरा कळला.

शाळेचा पालकांचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. वरून आलेली परिपत्रकं आम्ही त्यावर जशीच्या तशी पुढे ढकलायचो. वीस पानांची पीडीएफ, खाली कोणीतरी हात जोडल्याचं चित्र टाकायचं, आणि आम्ही समजायचो निरोप पोचला. एकदा एका आईला विचारलं, ग्रुपवरचं वाचलं का? ती म्हणाली, फोन ह्यांच्याबरोबर कंपनीत जातो, रात्री येतो, तोवर खाली इतकं काही साठतं की वर कोण जाणार. त्या एका वाक्यावर मी सगळी पद्धत बदलली. रात्री साडेआठला निरोप, त्याच्या आधी नाही. एका निरोपात एकच काम. आणि लेखी मजकुराबरोबर तोच मजकूर माझ्या आवाजात, मिनिटभराच्या आत. विड्या वळताना हात गुंतलेले असतात, कान मोकळे असतात.

नमुना म्हणून एक देते, हाच वापरला तरी चालेल:

"दहावीच्या पालकांना नमस्कार. या आठवड्यात एकच काम. मुलाचं आधार कार्डावरचं नाव आणि शाळेतलं नाव अक्षर न अक्षर जुळतंय का बघा. फरक असेल तर शनिवारी सकाळी 11 पर्यंत शाळेत या. येताना आधारची झेरॉक्स आणा. भाऊसाहेबांना किंवा मला भेटा. जुळत असेल तर येऊ नका."

शेवटचं वाक्य विसरू नका. पहिल्यांदा ते नव्हतं, तेव्हा शनिवारी सत्तर माणसं आली होती.

ग्रुपवर नसलेली घरं असतातच. त्यांच्यासाठी नोटीस बोर्डाचा काही उपयोग नाही, तो शाळेच्या आत आहे. मी तोच मजकूर मोठ्या अक्षरांत लिहून दूध संकलन केंद्राच्या खिडकीशेजारी चिकटवते. सकाळ-संध्याकाळ किटल्या घेऊन अर्धं गाव तिथे रांगेत उभं असतं आणि फॅट लागेपर्यंत वाचायला दुसरं काही नसतं. पालक सभेला पंचवीस माणसं आली तर आम्ही खूश होतो. डेअरीवर रोज दीडशे असतात.

मुलांना प्रत्यक्ष काम दाखवण्याचं म्हणाल तर कारखान्याला जरूर न्या, पण वीस-वीसच्या गटाने. नव्वद मुलं नेली की ती सहल होते. औद्योगिक वसाहतीची साप्ताहिक सुट्टी आधी विचारा, ती रविवारीच असते असं नाही. आणि पायात बूट. आमची पहिली तुकडी गेटवरूनच परत आली, कारण निम्मी मुलं चपलांवर होती आणि चपलेवर यंत्रांच्या शॉपमध्ये सोडत नाहीत. चूक माझीच, मी गणवेश सांगितला, बूट सांगितले नाहीत.

दुसऱ्या वेळी आत गेलो. लेथवरच्या ऑपरेटरने एक बुश (नळीसारखा छोटा सुटा भाग) काढला, पुसला आणि मापायचा व्हर्नियर शेजारी उभ्या असलेल्या मुलाच्या हातात दिला. ड्रॉइंगवर 25 मिलिमीटर, कमी-जास्त 0.05. हा मुलगा असा की चाचणीत दशांश चिन्ह जिथे जागा दिसेल तिथे टाकायचा. त्याने डोळा बारीक करून रेघा जुळवल्या आणि म्हणाला, 25.04. ऑपरेटर म्हणाला, "मग काय करू, ठेवू का फेकू?" मुलगा थोडा वेळ थांबला. "ठेवा." पुढचा बुश 25.08 भरला. या वेळी त्याने कोणाला न विचारता तो लाल ट्रेमध्ये टाकला. परतीच्या गाडीत तो आमच्या गणिताच्या सरांच्या शेजारी जाऊन बसला, जे त्याने आधी कधी केलं नव्हतं. पगार किती हे मुलं विचारणारच, विचारू द्या. तुम्ही मात्र ऑपरेटरला एवढंच विचारा: तुम्ही शिकलात कुठे, आणि पहिल्या वर्षी काय काम दिलं होतं? उत्तर मुलांसमोर येऊ द्या. आमच्या त्या ऑपरेटरने आयटीआयमधून मशिनिस्ट केलेलं होतं, आणि पहिले काही महिने त्याने नुसता बर, म्हणजे धातूचा कीस, झाडला होता.

आयटीआय म्हणजे नापासांची सोय, हे डोक्यातून काढायला मला मुलांपेक्षा पालकांशी आणि पालकांपेक्षा स्टाफरूमशी जास्त भांडावं लागलं. सरकारी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनची जागा मिळवायला कधी कधी फर्स्ट क्लाससुद्धा पुरत नाही. इलेक्ट्रिशियन, फिटर दोन वर्षांचे, वेल्डर एक वर्षाचा. पुढे अॅप्रेंटिसशिप करता येते. ज्याला आणखी शिकायचंय तो दोन वर्षांचा आयटीआय करून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाऊ शकतो, आणि तीन वर्षांचा डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. म्हणजे रस्ता कुठेही बंद होत नाही, वेळ थोडा जास्त लागतो. हे एकदा फळ्यावर बाण काढून दाखवा. तोंडी सांगितलेलं घरी जाईपर्यंत उलटं होतं.

अकरावीचं एकच सांगते, कारण बाकीचं दरवर्षी थोडं बदलतं. 2025 पासून अकरावीचा ऑनलाइन प्रवेश अख्ख्या राज्याला लागू झाला, त्याआधी तो मोठ्या शहरांपुरता होता. फॉर्ममध्ये दहापर्यंत कॉलेजं टाकता येतात. मुलं पहिल्या नंबरवर नाशिकचं नावाजलेलं कॉलेज टाकतात, लागलं तर बघू म्हणून. आणि ते लागतं! पहिला पर्याय मिळाला की तिथेच प्रवेश घ्यायचा, नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. आमचा एक मुलगा असाच अडकला. तेव्हा पहिल्या ओळीत तेच कॉलेज, जिथे उद्या सकाळी खरोखर जाता येईल.

आणि जाता येईल म्हणजे एसटीने. सर, तुम्ही शहरातून आलात, म्हणून हे मुद्दाम सांगते. कल, आवड, मार्क हे सगळं कागदावर. निर्णय बऱ्याचदा सकाळची पहिली गाडी किती वाजता आणि संध्याकाळची शेवटची किती वाजता यावर होतो, मुलींच्या बाबतीत तर हमखास. बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास मोफत आहे, पण गाडीच नसेल तर पासाचं काय करायचं? मी आगारात जाऊन आमच्या फाट्यावरचं वेळापत्रक उतरवून आणते आणि त्यासमोर कॉलेज, आयटीआय, तंत्रनिकेतन यांच्या वेळा लिहिते. मुलीचे वडील 'नको' म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात बहुतेक वेळा साडेसहानंतरचा फाटा असतो. ते तसं बोलत नाहीत, तुम्हीच बोलायचं. दोन वर्षांपूर्वी एकाच गावच्या चार मुलींना एकाच आयटीआयचे फॉर्म भरायला लावले. वेगवेगळे ट्रेड, पण गाडी एक. चौघींना परवानगी मिळाली.

कलचाचणीबद्दल पालक अजून विचारतात. 2016 मध्ये बोर्डाने दहावीला ती सुरू केली होती. सात क्षेत्रं होती, त्यांत गणवेशधारी सेवा, ललित कला वगैरे. आता ती होत नाही. ती आवड सांगायची, लोकांनी तिला पत्रिका केलं. एका घरी मुलीचा कल 'कृषी' आला म्हणून आजी रडली होती: इतकं शिकून पुन्हा रानातच? कृषी डिप्लोमा म्हणजे काय ते आजीला समजावायला मला चहाचे दोन कप लागले. आजही आवडीबद्दल बोलायचं तर आधी घरात कोण रडेल याचा अंदाज घ्या.

आपल्या शाळेत मल्टी स्किल, म्हणजे निरनिराळी हातकामं शिकवणारा विषय आहे, त्याची खोली बंद ठेवू नका. पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. कलबागांनी 1983 पासून हेच केलं, मुलांच्या हातात वेल्डिंग, सुतारकाम, शेती, सगळं दिलं. एकदा शिक्षकांनी जाऊन बघण्यासारखं आहे. माझी तिथली चक्कर राहून गेली होती ती गेल्या वर्षी झाली, आणि इतकी वर्षं का गेले नाही याची चुटपुट लागली.

शेवटचं काम ऑगस्टचं. ते यादीत कुठेच नाही. निकाल लागला, पेढे वाटले, दाखले गेले की आपण पुढच्या दहावीत गुंततो. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मागच्या बॅचची यादी काढा आणि प्रत्येक घरी फोन करा: कुठे प्रवेश घेतला? नव्वदमधल्या सात-आठ जणांचा कुठेच झालेला नसतो. कोणाची फेरी चुकलेली असते, कोणाला पैसे भरायची तारीख कळलेली नसते, कोणी नुसतंच राहिलेलं असतं. आयटीआयच्या शेवटच्या समुपदेशन फेऱ्या तेव्हा बहुधा चालू असतात, म्हणजे अजून हालचाल करता येते.

गेल्या ऑगस्टात असाच एकाला फोन लावला. मागे ट्रॅक्टर आणि माणसांची ओरड. "मॅडम, टोमॅटोचे क्रेट भरतोय, संध्याकाळी करतो." मी आशा सोडली होती. साडेआठला त्याचा फोन आला. परवा फेरी आहे, कागद घेऊन ये म्हटलं. सकाळी परिपाठाच्या आधीच दारात उभा होता, हातात पिशवी, पिशवीत सगळे कागद प्लॅस्टिकमध्ये नीट घातलेले. एक कमी होता, शाळा सोडल्याचा दाखला. घरी सापडत नाही म्हणाला. भाऊसाहेबांनी कपाट उघडलं. दाखला जूनपासून तिथेच होता, सही-शिक्क्यासह. त्याने तो नेलाच नव्हता, आणि ने म्हणून आम्हीही कोणी सांगितलं नव्हतं.