कामासाठी कोलकात्याला जाताना शहर कसे पाहावे

कार्यालयाच्या कामासाठी मुंबईहून किंवा पुण्याहून तीन-चार दिवस कोलकात्याला जायचे असेल, तर बॅग भरण्यापूर्वीच एक गोष्ट मनाशी पक्की करावी : या शहरात आपल्या वाट्याला येते ती सकाळ, संध्याकाळ नव्हे. कोलकाता मुंबईच्या पूर्वेला सुमारे साडेपंधरा रेखांश दूर आहे आणि घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच, त्यामुळे तिथे सूर्य तासभर आधी उगवतो आणि तासभर आधी मावळतो. जूनमध्ये पाच वाजण्यापूर्वीच उजाडते, तर डिसेंबरच्या मध्यावर संध्याकाळी पाचच्या आत सूर्य मावळलेला असतो. माझी पहिली फेरी डिसेंबरातली होती. बैठक साडेपाचला संपली, की नदी पाहायला जायचे असे मी ठरवले होते, आणि बाबूघाटावर पोहोचलो तेव्हा पलीकडच्या काठावरच्या दिव्यांशिवाय काहीही दिसत नव्हते. त्यानंतरच्या प्रत्येक फेरीत मी पहाटे उठतो आणि माझे शहर पाहणे नऊच्या आत उरकते.

मुक्काम कुठे करावा, हे यावरूनच ठरते. अनेकांचे काम सॉल्ट लेकच्या सेक्टर पाचमध्ये किंवा न्यू टाऊनमध्ये असते आणि कंपनी तिथलेच हॉटेल सुचवते. ते सोयीचे असले तरी जुने शहर तिथून दूर पडते. ऑगस्ट 2025 पासून हावडा मैदान ते सेक्टर पाच ही मेट्रो सलग सुरू झाली आहे, तेव्हा एस्प्लनेड किंवा सियालदहच्या आसपास उतरून कामाला मेट्रोने जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. देशातली पहिली मेट्रो 24 ऑक्टोबर 1984 रोजी याच शहरात, एस्प्लनेड ते भवानीपूर या टप्प्यावर धावली. आता हावडा आणि एस्प्लनेड यांच्यामध्ये ती हुगळी नदीच्या तळाखालून जाते.

पहिली सकाळ मल्लिक घाटाच्या फूलबाजारासाठी राखून ठेवावी. हावडा पुलाच्या कोलकात्याकडच्या टोकाला, पुलाच्या अगदी पायथ्याशी, नदी आणि चक्ररेल्वेचे रूळ यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत हा बाजार भरतो. झेंडूच्या माळा इथे दोरखंडासारख्या वेटोळी करून, माणसाच्या कमरेइतक्या उंचीचे ढीग रचून ठेवलेल्या असतात, आणि हमाल त्या डोक्यावर, खांद्यावर घेऊन निघाले, की चालणारा माणूस दिसतच नाही, फक्त केशरी-पिवळा भारा गर्दीतून सरकताना दिसतो. पायाखाली चिखल आणि पाकळ्या यांचा निसरडा थर असतो, म्हणून बैठकीचे बूट घालून जाऊ नये. हमालाने आवाज दिला, की लगेच बाजूला व्हावे आणि छायाचित्र काढण्यापूर्वी विचारावे, कारण ती त्यांच्या कामाची ऐन वेळ असते. बाजार ओलांडून घाटाच्या पायऱ्यांवर यावे. तिथे माणसे अंघोळ करीत असतात, आणि डोक्यावर 1943 साली खुला झालेला, सुमारे साडेचारशे मीटरचा गाळा नदीत एकही खांब न रोवता पेलणारा पूल असतो. नट-बोल्ट न वापरता रिव्हेटांनी जोडलेल्या या पुलासाठी 26,500 टन पोलाद लागले आणि त्यातले 23,000 टन टाटांनी पुरवले.

घाटावर चहा मातीच्या भांड्यात मिळतो, त्याला बंगालीत ‘भाँड़’ म्हणतात. पहिल्या घोटाला ओल्या मातीचा वास येतो. चहा मात्र जेमतेम चार घोट असतो, म्हणून सरळ दोन मागावेत.

दुसऱ्या सकाळी शोभाबाजार मेट्रो स्थानकावरून चालत कुमारटुलीला जावे. गणपतीआधी पेणच्या कारखान्यांत जी लगबग असते, ती ज्याने पाहिली आहे त्याला ही वस्ती लगेच ओळखीची वाटेल, पण रीत वेगळी आहे : इथे आधी बांबू आणि पेंढ्याचा सांगाडा सुतळीने आवळून बांधतात आणि त्यावर गंगेकाठच्या मातीचे थर चढवतात. दुर्गापूजेपूर्वीच्या दोन महिन्यांत गेलात, तर बिनडोक्याच्या पेंढ्याच्या दशभुजा बोळात ओळीने वाळत उभ्या असतात.

कामाच्या वेळेत पत्त्यांचा घोळ हमखास होतो. निमंत्रणावर जवाहरलाल नेहरू रोड असतो आणि टॅक्सीवाला त्याला चौरंगी म्हणतो. मदर तेरेसा सरणी म्हणजे पार्क स्ट्रीट, शेक्सपियर सरणी म्हणजे थिएटर रोड, बी. बा. दी. बाग म्हणजे डलहौसी. दोन्ही नावे लिहून जवळ ठेवावीत. शिवाय इथले काही रस्ते दुपारपर्यंत एका दिशेने आणि दुपारनंतर उलट दिशेने एकमार्गी असतात, त्यामुळे सकाळी ज्या वाटेने वीस मिनिटांत पोहोचलात, ती संध्याकाळी मिळेलच असे नाही. परतीच्या विमानाचा हिशेब करताना हे ध्यानात घ्यावे. अनोळखी माणसाला ‘दादा’, ‘दिदी’ म्हणावे, आणि मासे-मांस चालत नसेल, तर ‘निरामिष’ हा शब्द वापरावा. तो सर्वांना समजतो.

मराठी माणसाने इथे येताना एक इतिहास माहीत करून यावा. 1742 पासून नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून येऊ लागल्या, आणि त्या स्वाऱ्यांत सामान्य प्रजेचे अतोनात हाल झाले. आपल्या ‘बारगीर’ (घोडेस्वार शिपाई) शब्दाचे तिथे ‘बर्गी’ झाले, आणि बर्गी आल्याचे सांगणारी अंगाई बंगाली आया आजही बाळाला म्हणतात. त्या धास्तीने इंग्रजांनी आणि शहरवासीयांनी कलकत्त्याभोवती खंदक खणायला घेतला. तो अर्धवटच राहिला, फौज शहरावर आली नाही, आणि पुढे तो बुजवून त्या रेषेवर सर्क्युलर रोड झाला. त्याचाच उत्तरेकडचा भाग आज आचार्य प्रफुल्लचंद्र रस्ता, तर दक्षिणेकडचा आचार्य जगदीशचंद्र बसू रस्ता. जेवणाच्या टेबलावर तुमचे आडनाव ऐकून कोणी बर्गींचा विषय काढला, तर छत्रपतींचे दाखले देत वाद घालू नये. ती अंगाई म्हणून दाखवण्याची विनंती करावी. मी तसे केले, तेव्हा समोरच्या साठीच्या गृहस्थांनी ती अगदी हळू आवाजात म्हटली आणि नंतर बराच वेळ आजीबद्दल बोलत राहिले. चार दिवसांच्या बैठकांत त्यांच्याशी तेवढा मोकळा संवाद एकदाही झाला नव्हता.

घरच्यांसाठी मिठाई आदल्या रात्री घेऊ नये. हिवाळ्यात खजुराच्या नव्या गुळाचा, म्हणजे नोलेन गुडाचा संदेश मिळतो. तो नाजूक असतो आणि फार टिकत नाही. निघायच्या दिवशी सकाळी, कचोरीच्या पहिल्या घाण्यासाठी दुकान उघडते तेव्हाच जावे, कचोरी तिथेच उभ्याने खावी, संदेश कागदी खोक्यात बांधून घ्यावा आणि विमानात हातातल्या पिशवीतूनच न्यावा.