धबधब्याची वाट: आधी परतीचा हिशोब

सोळा वर्षांच्या भाच्याला घेऊन मी पहिल्यांदा घळीतल्या धबधब्याला गेले, तेव्हा जायला पन्नास मिनिटं लागली आणि यायला दोन तास दहा मिनिटं. मी प्रत्येक वाटेच्या वेळा वहीत लिहिते, म्हणून आकडा पक्का आहे. अंतर जेमतेम साडेतीन किलोमीटर. पण गाडी लावली होती डोंगराच्या धारेवर आणि पाणी होतं साडेतीनशे मीटर खाली. उतरताना "मावशी, आलंच की!" म्हणणारा पोरगा परतीच्या तिसऱ्या वळणावर दगडावर बसून राहिला.

समुद्रालगतच्या डोंगरांत हे नेहमीचं. रस्ते धारेवरून जातात आणि ओढे खोल घळींत असतात. शिखराच्या वाटेवर चढ आधी लागतो. दमलात तर मागे फिरा, उतार तुमचाच आहे. इथे मात्र ताजे असताना उतरायचं आणि पाय थकल्यावर चढायचं. म्हणून निघण्याआधी मी फक्त परतीचा हिशोब मांडते. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 साली एक साधा नियम सांगितला: सपाटीवर ताशी पाच किलोमीटर, आणि दर 600 मीटर चढाला एक तास जास्त. आमच्या त्या वाटेचं उत्तर येतं सव्वा तासाच्या आसपास. नेस्मिथचे गुडघे माझ्यासारखे नसावेत. मी आलेल्या वेळेची दीडपट करते, सोबत मूल किंवा सवय नसलेलं माणूस असेल तर दुप्पट. मग सूर्यास्तातून ती वेळ वजा करायची, वर आणखी एक तास वजा करायचा, कारण घळीत आणि दाट झाडीत अंधार लवकर पडतो. जी वेळ उरते तिला मागे फिरायचं. धबधबा पुढच्या वळणावर ऐकू येत असला तरी फिरायचं. हे लिहायला सोपं आहे. मला स्वतःला दोनच वेळा जमलंय.

आता नकाशा. निळी रेघ म्हणजे ओढा. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, त्या निळ्या रेघेवर जिथे एकमेकींना चिकटतात, तिथे पाणी पडतं. नावाची पाटी नसलेले कितीतरी धबधबे मला असेच सापडले. याहून महत्त्वाचं म्हणजे पायवाट निळ्या रेघेला किती वेळा कापते ते मोजा. पूल दाखवलेला नसेल तर तितक्या वेळा पाण्यात उतरावं लागणार, आणि परतीला पुन्हा तितक्याच वेळा. हवाईतल्या काउआई बेटावर हनाकापिआई धबधब्याची वाट आहे. पहिले सव्वातीन किलोमीटर समुद्रकड्यावरून किनाऱ्याला, मग तेवढंच दरीतून आत. अंतर ऐकून कोणीही हो म्हणेल. पण ओढा वाटेत आडवा येतो आणि पूल नाही. 2014 च्या एप्रिलमध्ये पाणी चढलं आणि शंभराहून जास्त माणसं पलीकडे अडकली. त्यांना हेलिकॉप्टरने काढावं लागलं. तिथे बाहेरच्या पाहुण्यांना आता आधी नोंदणी करूनच जाता येतं. कुठल्याही उद्यानात जाण्याआधी त्याच दिवशीची सूचना वाचा. मागच्या वर्षीच्या कुणाच्या तरी फोटोवर विसंबू नका.

पाणी एवढं अचानक का चढतं? समुद्रावरून आलेली दमट हवा डोंगराला आपटून वर जाते, वर जाताना गार होते आणि धरलेलं पाणी सोडते. त्यामुळे किनाऱ्यावर लख्ख ऊन आणि माथ्यावर धो धो, असं एकाच वेळी चालू असतं. त्यात इथले ओढे आखूड आणि तीव्र उताराचे. माथ्यावर पडलेला पाऊस वाटेत रेंगाळत नाही, थोड्याच वेळात तुमच्या पायाशी येतो. बरी बाजू ही की तो ओसरतोही लवकर. मी मोठा पाऊस थांबल्यावर एक दिवस मधे सोडून जाते. धबधबा तेव्हा भरलेला असतो आणि ओढा पार करण्याजोगा. भर पावसात धबधबा सगळ्यात देखणा दिसतो आणि त्याची वाट सगळ्यात वाईट असते. दोन्ही एकदम मिळत नाहीत.

ओढ्यापाशी पोचल्यावर माझी एक सवय आहे. पाण्याच्या अगदी काठाला एक दगड ठेवते आणि दहा मिनिटं बसते. काहीतरी खाते, मोजे नीट करते. दगड भिजला की समजायचं, पाणी चढतंय. आणखीही खुणा असतात: स्वच्छ पाणी गढूळ व्हायला लागणं, काटक्या आणि हिरवी पानं वाहत येणं, आवाज जाड होणं. यातली एकही दिसली तरी पार करायचं नाही. पलीकडे अडकलात तर पाण्यापासून उंच जागा बघून थांबा. आखूड ओढा उतरतो. एक रात्र गारठ्यात निघेल, पण ओढ्यात घातलेला पाय कधीकधी परत निघत नाही.

पार करायचं ठरलं तर अरुंद जागा टाळा, तिथेच पाणी खोल आणि जोरात असतं. रुंद, पसरट, उथळ जागा शोधा. त्या जागेच्या खालच्या अंगाला धबधबा किंवा आडवी पडलेली झाडं नकोत. बूट काढू नका. अनवाणी पाय गोट्यांवर टिकत नाही आणि बोटं आपटली की तोल जातोच. पाठपिशवीचा कमरेचा पट्टा सोडा, म्हणजे पडलात तर ती पटकन झटकता येईल. तोंड वरच्या अंगाला, जिकडून पाणी येतं तिकडे. काठी त्याच बाजूला रोवा, एका वेळी एकच पाय हलवा. पाणी गुडघ्याच्या वर असेल आणि ओढ असेल तर मी परत फिरते. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा धक्का चौपट होतो, हे भाच्याला पुस्तकातून ठाऊक होतं. काठी पाण्यात धरल्यावर ती थरथरायला लागली, तेव्हा त्याला ते पटलं.

कपडे-बुटांवर फार बोलत नाही. खोल खाचांचे तळवे, लवकर वाळणारे कपडे, हेडलॅम्प, शिट्टी. फोनला घळीत रेंज नसते, तेव्हा कुठे जातोय आणि किती वाजेपर्यंत परत येऊ हे घरी कुणाला तरी सांगून ठेवा. कातळाचा रंग मात्र बघायला शिका. करडा आणि कोरडा असेल तर पाय टाका. काळा आणि चकचकीत दिसला तर तो शेवाळलेला समजा, हिरवा दिसण्याची वाट पाहू नका.

धबधब्यासमोर आलात की थोडं लांबच थांबा. पाण्याबरोबर वरून दगडही येतात आणि त्या गडगडाटात ते येताना ऐकू येत नाहीत. पायथ्याचा पांढरा फेसाळ भाग तर पोहणाऱ्याचाही नाही. त्या पाण्यात हवा मिसळलेली असते, ते अंग नीट तोलून धरत नाही. वरून पडणारी धार माणसाला खाली दाबते आणि भोवरा परत तिच्याखाली ओढतो. डोह शांत दिसला तरी गार पाण्याने दम कोंडतो. पायावर जखम असेल तर पाण्यात उतरूच नका, उष्ण प्रदेशातल्या ओढ्यांत लेप्टोस्पायरोसिस या दूषित पाण्यातून होणाऱ्या आजाराची भीती असते. माथ्यावरच्या कडेला जाऊन खाली डोकावण्याबद्दल मी एकच सांगते: धबधबा खालून बघायची गोष्ट आहे.

समुद्रालाच मिळणारे धबधबे हा वेगळा प्रकार. त्यांना घड्याळाबरोबर भरती-ओहोटीचं वेळापत्रक लागतं. कॅलिफोर्नियाच्या पॉइंट रेज इथला अलामेर धबधबा थेट किनाऱ्यावर पडतो. जाऊन-येऊन सुमारे 21 किलोमीटर चाल, आणि शेवटचा तुकडा वाळूवरून, ओहोटीतच जमणारा. मधे एक चोरवाट आहे, ढासळत्या कड्यावरून उतरणारी. लोक तीच धरतात आणि अडकतात. त्याच किनारपट्टीवर दक्षिणेला मॅकवे धबधबा आहे. उंची 80 फूट. पूर्वी तो सरळ समुद्रात पडायचा. 1983 मध्ये दरड कोसळून खाली वाळू साठली, तेव्हापासून तो वाळूवर पडतो. त्या वाळूवर उतरायला बंदी आहे, वरच्या वाटेवरून बघायचा. मला ती बंदी आवडते. माणसाच्या पाऊलखुणा नसलेला किनारा एरवी बघायला कुठे मिळतो?

गुडघ्यांना चढ-उतार सोसत नसेल तर पोर्तुगालच्या मदेइरा बेटावरच्या 'लेवादा' शोधा. ओल्या उत्तरेकडचं पाणी कोरड्या दक्षिणेला नेण्यासाठी डोंगराच्या अंगाने खोदलेले हे पाट. पाण्याला जेमतेम उतार लागतो, म्हणून शेजारची वाटही जवळपास सपाट. काल्देइराओं वेर्दे इथल्या सुमारे 100 मीटर उंच धबधब्यापर्यंत असा पाट जातो. वाटेत काळोखे बोगदे लागतात, बॅटरी हवीच आणि डोकं वाकवायची तयारीही. उंचीची भीती असेल तर मात्र आधी विचार करा, कारण बऱ्याच ठिकाणी एका बाजूला पाट आणि दुसऱ्या बाजूला दरी असते.

आणि वणवा लागून गेलेल्या डोंगरात पहिली काही वर्षं पावसाच्या आसपास जाऊ नका. कॅलिफोर्नियातल्या बिग बेसिनसारखं 1902 पासून जपलेलं रेडवुड या उंच झाडांचं रानही 2020 च्या वणव्यात जवळजवळ सगळं होरपळलं. जळलेली माती पाणी पिऊन घेत नाही. थोड्या पावसातही चिखल, ओंडके आणि दगडांचा लोंढा घळीतून खाली येतो.

परतीच्या चढाला माझी पद्धत अशी: बोलता येईल इतक्याच वेगाने चालायचं. वाक्य तुटायला लागलं की वेग कमी करायचा, थांबायचं नाही. भाच्याला मी त्या दिवशी पाढे म्हणायला लावले होते. सतराच्या पाढ्यावर तो अडला, दमाने की विसरून ते अजून सांगत नाही. निघताना एक पाण्याची बाटली आणि कोरडे मोजे गाडीतच ठेवून जा. बाटली सीटखाली ठेवा, उन्हात नको.