हिवाळ्याच्या सुट्टीत अडलेल्या गोधड्या पुढे कशा न्यायच्या

सुट्टी जवळ आली की पॅचवर्क, म्हणजे कापडाचे तुकडे जोडून गोधडी करणाऱ्या प्रत्येकाच्या मनात एकच येतं, आता भरपूर वेळ आहे, ह्या वेळी एक गोधडी अख्खी पूर्ण करायचीच. आणि सुट्टी संपते तेव्हा कपाटात आधी तीन अर्धवट होत्या त्याच्या चार झालेल्या असतात, कारण मधेच एखादं छान कापड हाताला लागलं आणि नवीन सुरू केली. माझंही कित्येक वर्षं हेच चाललेलं. मग हळूहळू लक्षात आलं की सुट्टीत वेळ तसा काही फार जास्त मिळत नाही, घरात माणसं असतात, जाणं-येणं असतं, सलग चार तास मशीनवर कुणी बसू देत नाही. पण बाकीच्या वर्षात मिळत नाहीत अशा तीन गोष्टी मिळतात: दुपारभर अडवून ठेवता येईल अशी मोकळी जमीन, कापड धरायला दुसरे दोन हात, आणि संध्याकाळी सगळ्यांबरोबर गप्पा मारत सुई चालवायचा निवांतपणा. ह्या तीन गोष्टी जिथे लागतात तीच कामं सुट्टीत काढायची. बाकीची कामं एरवीच्या अर्ध्या-पाऊण तासातसुद्धा होतात.

तर पहिल्या दिवशी मशीनला हात लावू नका. सगळ्या अर्धवट गोधड्या बाहेर काढा, प्रत्येकीची वेगळी पिशवी करा आणि वर एक चिठ्ठी लावा. चिठ्ठीवर "पूर्ण करायची" असं लिहायचं नाही, पुढची एकच पायरी लिहायची. "उरलेले ७ ब्लॉक शिवायचे", "ओळी जोडायच्या", "अस्तर कापायचं", "गोट लावायचा" असं. (ब्लॉक म्हणजे तुकडे जोडून केलेला एक चौकोन, गोट म्हणजे गोधडीच्या कडेने लावायची पट्टी.) हे लिहिताना कळतं की ही गोधडी नेमकी कशामुळे पडून आहे, आणि माझ्या अनुभवात दहातल्या सहा-सात तरी एकाच ठिकाणी अडलेल्या असतात, वरचा थर तयार आहे पण अस्तर, बॅटिंग (आतलं भरण) आणि वरचा थर असं सँडविच टाचायचं राहिलंय. कंटाळवाणं काम, जागा लागते, एकट्याने होत नाही. म्हणून सुट्टीचा पहिला अर्धा भाग त्याच्यासाठी राखून ठेवा.

एखादी पिशवी उघडल्यावर मनातून उत्साहच वाटत नसेल तर ती छोटी करा. २० ब्लॉक ठरवले होते आणि ९ झालेत, तर ३ बाय ३ लावून टाका, १२ इंची ब्लॉकची ३६ इंचांची छान बाळाची गोधडी होते. ज्याने ती पांघरायची त्याला ११ ब्लॉक कमी आहेत हे कधीच कळणार नाही.

जुने ब्लॉक पुढे शिवायला घेण्याआधी एक गोष्ट नक्की करा, ते मोजा. वर्षभरापूर्वी शिवलेला ब्लॉक आणि आज शिवलेला ब्लॉक एकाच मापाचे येतील ही खात्री धरू नका, मधे मशीनचा फूट (सुईपाशी कापड दाबून धरणारा भाग) बदलला असेल, सुई सरकवून ठेवली असेल. पॅचवर्कमधे माया (शिवणीबाहेर सोडलेली कड) पाव इंच धरतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्यात दोराभर फरक झाला तर किती होतं ते बघा: प्रत्येक शिवणीत इंचाचा सोळावा भाग जास्त घेतला तर दोन्ही बाजूंचा मिळून आठवा भाग जातो, आणि १२ तुकड्यांच्या एका ओळीत ११ शिवणी असतात, म्हणजे ती ओळ जवळजवळ १ इंच आणि ३ सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) आखूड. मग काठाची पट्टी बसत नाही आणि माणूस वैतागून पिशवी परत कपाटात टाकतो. तपासायची सोपी रीत म्हणजे दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या एकमेकींना शिवायच्या, इस्त्री करायची आणि मधली पट्टी मोजायची. बरोबर १ इंच आली तर तुमची शिवण बरोबर. कमी आली तर सुई नाहीतर कडेची खूण जराशी सरकवायची. कापडाला घडी पडताना थोडी जाडी त्यात जाते, म्हणून खरी शिवण पाव इंचाला दोराभर कमीच घ्यावी लागते.

आणि जुने ब्लॉक लहान-मोठे निघालेच तर उसवत बसू नका. लहान निघालेल्यांना चारी बाजूंनी एक बारीक पट्टी जोडा आणि मग सगळे एका मापाला कापा. दोन-चार ब्लॉकलाच पट्टी असली तर चुकल्यासारखं दिसतं, त्यापेक्षा सगळ्यांनाच लावलेली बरी, मग ती मुद्दाम केलेली रचना दिसते.

ब्लॉक शिवायचे राहिले असतील तर ते एकेक पूर्ण करायच्या मागे लागू नका, सगळ्या ब्लॉकची पहिली शिवण आधी, मग सगळ्यांची दुसरी. जोड्या लावून ठेवायच्या आणि दोरा न कापता एकामागून एक मशीनखाली सरकवायच्या, तोरणासारखी माळ बाहेर येते, मग इस्त्रीच्या टेबलापाशी बसून कापायची. कुणी हाक मारली तरी उठताना काही बिघडत नाही. इस्त्री मात्र फिरवू नका, उचलून ठेवायची, परत उचलायची. घासली की तिरप्या कापाचे तुकडे ताणले जातात आणि त्रिकोणांची टोकं गायब होतात. एका ओळीच्या माया डावीकडे आणि खालच्या ओळीच्या उजवीकडे दाबल्या की जोडताना शिवणी एकमेकींत आपोआप अडकून बसतात, कोपरे जुळवायला टाचण्यासुद्धा कमी लागतात.

हिवाळ्यात उजेड लवकर जातो हे लक्षात ठेवून काम वाटा. रंग निवडणं, ब्लॉक मांडून बघणं, गडद कापडावर गडद दोऱ्याने शिवणं हे सगळं दिवसा. पिवळ्या दिव्याखाली मोरपंखी आणि हिरवा एकच दिसतात. मांडणीबद्दल शंका असेल तर फोनवर फोटो काढा आणि तो ब्लॅक अँड व्हाइट करा, कुठला तुकडा फिकट, कुठला गडद हे लगेच कळतं, आणि पॅचवर्कमधे नक्षी उठून दिसते ती रंगापेक्षा ह्या फरकामुळेच.

आता सँडविच. इथे मी जरा सविस्तर सांगते कारण सगळं इथेच अडतं.

अस्तर आणि बॅटिंग वरच्या थरापेक्षा चारी बाजूंनी ४-४ इंच मोठं घ्या. समजा तुमचा वरचा थर ४८ बाय ६० इंच आहे, म्हणजे अस्तर ५६ बाय ६८ हवं. ४४ इंच पन्ह्याच्या कापडात एक तुकडा पुरत नाही, जोड द्यावाच लागतो, आणि इथे बहुतेक जण सवयीने उभा जोड देतात, ६८-६८ इंचाचे दोन तुकडे म्हणजे १३६ इंच, साधारण साडेतीन मीटर. तोच जोड आडवा दिला तर ५६-५६ चे दोन, ११२ इंच, तीन मीटरच्या आत काम होतं. कापायच्या आधी कागदावर दोन्ही करून बघा. जोडताना दोन्ही तुकड्यांच्या विणलेल्या किनारी कापून टाका, त्या धुतल्यावर वेगळ्या आटतात आणि जोडावर चुण्या पडतात.

बॅटिंग आदल्या दिवशीच पिशवीतून काढून पसरून ठेवा, घड्यांचे वळ बऱ्यापैकी बसतात. मग जमीन स्वच्छ झाडून-पुसून, अस्तर उलटी बाजू वर करून पसरा आणि कडा मास्किंग टेपने जमिनीला चिकटवा, आधी समोरासमोरच्या कडांचे मध्य, मग कोपरे. कापड ताठ हवं पण ताणलेलं नको, हा फरक हाताला कळतो, टेप काढल्यावर अस्तर आकसलं तर समजा ताणलं होतं आणि पाठीमागे चुण्या येणार. ह्या कामाला दुसरे दोन हात हवेत, शिवण येत नसलेल्या माणसालासुद्धा "हे टोक धर आणि मी सांगेपर्यंत सोडू नको" एवढं जमतं. त्यावर बॅटिंग, हाताने मधून कडेकडे सपाट करत, आणि त्यावर वरचा थर सुलट बाजू वर. वरचा थर ठेवण्याआधी त्याच्या पाठीवरचे लोंबणारे दोरे कापा, फिकट कापडातून गडद दोरा नंतर दिसत राहतो आणि मग काही करता येत नाही.

सेफ्टी पिना मध्यापासून बाहेर लावत जायच्या, मूठ ठेवून बघा, मुठीखाली एक तरी पिन यायला हवी, म्हणजे साधारण ४ इंचांचं अंतर. आधी सगळ्या पिना टोचून घ्या, बंद शेवटी करा, बंद करतानाच कापड जास्त सरकतं, सगळ्या टोचलेल्या असल्या की ते जागेवर राहतं. पिना कमी पडल्या म्हणून अंतर वाढवू नका, त्यापेक्षा मधे मधे मोठे कच्चे टाके घाला.

गुडघे दुखत असतील तर जमिनीचा हट्ट नको, जेवणाच्या टेबलावरही होतं. टेबलाच्या बरोबर मध्यावर एक काडी चिकटवा, तिन्ही थरांतून ती बोटांना लागते, म्हणजे प्रत्येक थराचा मध्य त्याच्यावर आणता येतो. कडेला मोठ्या क्लिपा लावायच्या, टेबलावरचा भाग टाचून झाला की क्लिपा काढून पुढे सरकवायचं, आणि प्रत्येक वेळी खालून हात फिरवून अस्तर परत ताठ करायचं. चिकटवायचा स्प्रे वापरत असाल तर थंडी आहे म्हणून खिडक्या बंद करून मारू नका, घरात दम्याचा त्रास असलेलं कुणी असेल तर पिनाच बऱ्या.

एका दुपारी दोन सँडविच होतात, जमीन मोकळी केलीच आहे तर दोन-तीन एकदम उरका. टाचलेली गोधडी नंतर महिनाभर थांबली तरी चालते, पुढची शिलाई एकट्याने तुकड्या-तुकड्याने होते. त्यापेक्षा जास्त ठेवू नका, पिना गंजून डाग पडायची भीती असते.

मशीनने वरची शिलाई करायची तर वॉकिंग फूट (सगळे थर एकसारखे पुढे सरकवणारा फूट) लावा, टाका ३ मिलिमीटरच्या आसपास ठेवा, जाडीतून जायला ९० नंबरची नवीन सुई. पहिली रेघ मधोमध, मग तिच्या दोन्ही बाजूंना. गोधडीचं वजन टेबलाखाली लोंबू देऊ नका, डाव्या हाताला एखादी खुर्ची नाहीतर दुसरं टेबल लावा, वजन ओढलं गेलं की टाके लहान-मोठे होतात आणि माणसाला वाटतं मशीनच बिघडलं. रेघा किती अंतरावर चालतील ते बॅटिंगच्या पॅकेटवर लिहिलेलं असतं, ते बघा, त्यापेक्षा लांब ठेवल्या तर धुण्यात आतलं भरण गोळा होतं.

हाताने करणार असाल तर लहान सुई, अंगुस्तान, आणि धावदोऱ्याचे सारखे टाके. ते किती बारीक पडतात ह्याची चिंता नको, सारखे पडले की छान दिसतात, बारीक आपोआप होत जातात. थंडीत बोटं ताठरलेली असतात तेव्हा आधी हात चोळून गरम करा. हाताला क्रीम लावलं असेल तर ते पूर्ण मुरू द्या, नाहीतर कापडावर तेलकट बोटं उमटतात.

आणि संध्याकाळसाठी गोट, हे माझं सगळ्यात आवडतं काम. मांडीवर गोधडी घेऊन बसायचं, पाय ऊबदार, सगळे बोलतायत आणि हात चाललाय. फक्त त्याची मशीनची शिलाई दिवसा करून ठेवायला हवी. ४८ बाय ६० चा घेर २१६ इंच होतो, त्यात कोपरे आणि शेवटचा जोड धरून १२ इंच जास्त, २२८. अडीच इंच रुंदीच्या ६ पट्ट्या पन्ह्याभर कापल्या की पुरतात. पट्ट्या एकमेकींना तिरप्या जोडा, सरळ जोडल्या तर सगळी जाडी एकाच जागी येते. मग लांबीत दुहेरी घडी घालून इस्त्री करा आणि उघड्या कडा सुलट बाजूच्या कडेला लावून पाव इंचावर शिवा, सुरुवातीला हातभर पट्टी मोकळी सोडून. कोपऱ्याच्या पाव इंच आधी थांबायचं, दोरा कापायचा, पट्टी वर तिरपी दुमडायची, परत सरळ खाली आणायची आणि अगदी कडेपासून पुढची बाजू सुरू करायची. घाईत इथे पाव इंच आधी थांबायचं राहतं आणि कोपरा गोल होतो. तसा झाला तर तेवढेच चार टाके उसवा, पाच मिनिटांचं काम आहे आणि ती गोधडी वर्षानुवर्षं डोळ्यांसमोर असणार आहे.

मागच्या बाजूला न दिसणारे टाके हाताने. दोरा हातापासून कोपरापर्यंत, त्याहून लांब घेतला की गुंता होतो. एका संध्याकाळी एक बाजू असं ठरवलं तर चार संध्याकाळी गोट पूर्ण. प्रवासाला निघणार असाल तर हे जड बोचकं नेऊ नका, त्याऐवजी एका डबीत कापलेले तुकडे, सुई, दोरा आणि लहान कात्री ठेवा, हाताने जोडायचे षटकोन कुठेही बसून होतात.

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी अर्धा तास राखून ठेवा. सगळ्या पिशव्या परत उघडा, जुनी चिठ्ठी काढा, नवीन लावा. मशीनवर वापरलेला दोऱ्याचा रंग, टाक्याचं माप, शिवणीची खूण कुठे होती, वापरायच्या राहिलेल्या पट्ट्या किती, हे सगळं त्याच चिठ्ठीवर लिहा आणि त्या दोऱ्याची भरलेली एक बॉबिन पिशवीतच टाका.