व्हिडिओ कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या: हिशेब, चार्जिंग आणि काळजी

बॅटरीवर एमएएचचा (मिलिअँपिअर-अवर, १००० एमएएच म्हणजे १ अँपिअर-अवर) आकडा ठळक छापलेला असतो, पण शूटिंगचा हिशेब नेहमी वॅट-अवरमध्ये, म्हणजे साठवलेल्या एकूण ऊर्जेत, मांडावा. व्होल्टेज वेगळं असलं की एमएएचची तुलना फसवी ठरते. गणित सोपं आहे: व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. ७.२ व्होल्ट, २००० एमएएचची बॅटरी १४.४ वॅट-अवरची, १४.४ व्होल्ट, ६.८ अँपिअर-अवरची व्ही-माउंट (कॅमेऱ्याच्या मागे खाचेत बसणारी मोठी बॅटरी) साधारण ९८ वॅट-अवरची.

आता खर्च बघा. समजा कॅमेरा १२ वॅट, मॉनिटर १० आणि वायरलेस माइकचा रिसीव्हर ३, म्हणजे एकूण २५ वॅट. ९८ वॅट-अवरची बॅटरी कागदावर जवळपास चार तास चालते. भरवसा मात्र ८० टक्क्यांवरच ठेवा, म्हणजे तीन तासांहून थोडं अधिक. रेकॉर्डिंग थांबलेलं असलं तरी सेन्सर, स्क्रीन आणि लेन्सचं स्टॅबिलायझेशन वीज खातच असतं, त्यामुळे हिशेब चालू कॅमेऱ्याचा धरा, फक्त रेकॉर्डिंगच्या वेळेचा नको.

विकत घेताना छापलेला एमएएचचा आकडा पारखून घ्या. एनपी-एफ (मूळ सोनीच्या) प्रकारच्या सगळ्यात लहान, एफ-५५० आकाराच्या बॅटरीत सहसा दोनच १८६५० सेल (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब नळीसारखे) एका मागोमाग एक, म्हणजे सिरीजमध्ये, जोडलेले असतात. सिरीजमध्ये व्होल्टेज वाढतं, एमएएच एका सेलएवढेच राहतात, आणि असा चांगला सेल साधारण ३५०० एमएएचचा असतो. त्या आकारावर ५००० किंवा ७००० छापलं असेल तर आकड्यावर विश्वास ठेवू नका. जिथे आकडा खोटा, तिथे आतलं संरक्षण सर्किटही जेमतेमच असण्याची शक्यता असते.

चार्जिंगचा खरा शत्रू तापमान. बहुतेक लिथियम-आयन बॅटऱ्यांसाठी ० ते ४५ अंश सेल्सिअस ही चार्जिंगची मर्यादा असते. शून्याखाली चार्ज केलं तर लिथियम धातूच्या रूपात इलेक्ट्रोडवर साचतं. क्षमता कायमची जाते आणि आत शॉर्ट होण्याचा धोका वाढतो. शूट संपल्यावर गरम बॅटरी लगेच चार्जरला लावू नका, हाताला कोमट लागेनाशी होईपर्यंत थांबा. चार्जर कडक, मोकळ्या पृष्ठभागावर ठेवा. गादीवर किंवा बॅगेत नको, आणि कुणी जागं नसताना तर नकोच. सुरुवातीचा मोठा हिस्सा भराभर भरतो, शेवटचा हळूहळू. म्हणून छोट्या सुट्टीत अर्धवट चार्ज करून काढली तरी चालतं. पूर्ण रिकामी करूनच चार्ज करायची जुनी सवय निकेल-कॅडमियमच्या काळातली. लिथियमला ती मारकच आहे.

थंडीत क्षमता तात्पुरती घटते. राखीव बॅटऱ्या अंगाजवळच्या खिशात ठेवा आणि गरज पडेल तेव्हाच लावा. गार पडून बंद झालेली बॅटरी ऊब मिळाली की पुन्हा थोडी चालते. सुट्ट्या बॅटऱ्यांना झाकण लावाच. किल्ली किंवा नाणं दोन्ही टर्मिनलना एकदम टेकलं तर शॉर्ट होऊन बॅटरी काही क्षणांत भाजण्याइतकी तापते. प्रत्येक बॅटरीवर क्रमांक आणि खरेदीचा महिना लिहिलेली चिकटपट्टी लावा, म्हणजे कोणती लवकर संपते ते लगेच कळतं.

डी-टॅपवरून, म्हणजे मोठ्या बॅटरीवरच्या दोन पिनच्या पॉवर सॉकेटवरून, मॉनिटर चालवणाऱ्यांसाठी ही सर्वांत महत्त्वाची सूचना: आधी पॉवर केबल लावा, नंतर एसडीआय (कॅमेऱ्याचं चित्र मॉनिटरला नेणारी केबल). काढताना आधी एसडीआय, मग पॉवर. एसडीआय आधीच जोडलेली असताना पॉवर लावली आणि पॉवरच्या ग्राउंडचा (ऋण तारेचा) संपर्क उशिरा झाला, तर परतीचा करंट एसडीआयच्या आवरणातून वाहतो आणि कॅमेऱ्याचं आउटपुट जळू शकतं. डी-टॅपचा प्लग जोर लावून उलटाही घुसवता येतो, म्हणून आकार बघूनच लावा.

महिनाभर काम नसेल तर बॅटरी कॅमेऱ्यातून काढा, ४० ते ६० टक्के चार्ज ठेवा, थंड आणि कोरड्या जागी ठेवा, दर तीन महिन्यांनी तपासा. पूर्ण भरलेली बॅटरी उष्णतेत लवकर म्हातारी होते. पार रिकामी राहिली तर सेलमधलं तांबं विरघळू लागतं आणि पुढच्या चार्जिंगला ती धोकादायक ठरते. अशी बॅटरी तारा जोडून 'जागी' करायचा प्रयत्न करू नका.

विमानात सुट्ट्या बॅटऱ्या केबिन बॅगेतच न्यायच्या, चेक-इन सामानात कधीच नाही. १०० वॅट-अवरपर्यंत सहसा परवानगी लागत नाही, पण किती नग चालतील ते एअरलाइनला विचारा. १०० ते १६० साठी एअरलाइनची मंजुरी लागते आणि राखीव बॅटऱ्या जास्तीत जास्त दोन. त्याहून मोठ्या प्रवाशाच्या सामानात चालत नाहीत.

फुगलेली बॅटरी ओळखायला ती सपाट टेबलावर ठेवा. डोलत असेल तर तिचा वापर संपला. कॅमेऱ्यात अडकली असेल तर स्क्रू-ड्रायव्हरने उचकटू नका, सर्व्हिस सेंटरला द्या. बाहेर निघालेलीला दाबू किंवा भोसकू नका. टर्मिनलवर चिकटपट्टी लावा, वाळू भरलेल्या धातूच्या डब्यात घराबाहेर ठेवा आणि ई-कचरा केंद्रात द्या, घरच्या कचऱ्यात नको. फुसफुस आवाज, रसायनासारखा वास किंवा धूर आला तर आधी माणसांना बाहेर काढा आणि अग्निशमन दलाला कळवा. हा धूर विषारी असतो. चार्जरचा मेन स्विच बंद करता आला आणि सुरक्षित अंतर राखता आलं, तरच भरपूर पाणी मारून बॅटरी थंड करा. ज्वाळा विझल्या तरी शेजारचे सेल तापून पुन्हा पेट घेऊ शकतात, म्हणून ती लगेच उचलू नका आणि तासभर तरी तिच्यावर नजर ठेवा.