‘येतो’ म्हणजे दरवेळी ‘कम’ नव्हे: या चुका टाळा

बेळगावात कुणाच्या घरून निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात. शेजारचे कन्नड काकाही ‘बर्तीनि’च म्हणतात. म्हणजे ‘कम’चा घोळ आपल्या पोरांना दोन्ही भाषांतून मिळतो. मग पोरगं इंग्रजीत निरोप घेतं, “ओके सर, आय विल कम,” आणि सरांना वाटतं, हा परत कधी येणार? तिथं “सी यू, सर” पुरे. ‘जाऊन येतो’साठी “आय विल बी बॅक”; “गो अँड कम” नको.

सगळ्यात महागात पडते ती मुलाखतीतली चूक. “आय अ‍ॅम कमिंग फ्रॉम निपाणी” म्हणजे आत्ता निपाणीहून निघालोय, वाटेत आहे. गाव सांगायचं तर “आय कम फ्रॉम निपाणी” किंवा “आय अ‍ॅम फ्रॉम निपाणी”. मीही पहिल्या मुलाखतीत हेच बोललो होतो. समोरच्यांनी प्रवास कसा झाला ते विचारलं, मी बसची कथा सांगितली!

मराठीत सगळंच ‘येतं’. पोहता येतं, ताप येतो, राग येतो, झोप येते. कन्नडमध्येही भाषा ‘बर्तैति’, म्हणजे येतेच. इंग्रजीत यांतलं जवळजवळ काहीच ‘कम’ होत नाही. “इंग्लिश कम्स टू मी” नाही, “आय नो इंग्लिश”. पोहता येतं तिथं ‘कॅन’: “आय कॅन स्विम”. ताप आला तर “आय हॅव अ फीवर”, राग आला तर “आय गॉट अँग्री”, झोप आली तर “आय अ‍ॅम स्लीपी”. बाहेर पाऊस आला की “इट इज रेनिंग”, आणि आपल्याकडं जून-जुलैत हे वाक्य रोज लागतं.

रूपं पाठच करा: कम, केम, कम. ‘डिड’नंतर ‘केम’ येत नाही, ‘हॅज’नंतरही नाही. “डिड ही कम?”, “ही हॅज कम.”

राहिला ‘आलो’. आईनं हाक मारली की आपण जागेवरूनच ‘आलो, आलो’ ओरडतो, कन्नडमध्ये ‘बंदे’. पोचायच्या आधीच भूतकाळ! म्हणून “आय केम” तोंडात येतं, पण ते पोचल्यावरचं. हाकेला “आय अ‍ॅम कमिंग” म्हणायचं. आपल्या बेळगावी बोलीतलं ‘येऊलालो’ मनात आणा, त्याचं इंग्रजी नेमकं हेच होतं.